स्टॉक : एक नग

२०१४ साली आम्ही गोधड्या ऑनलाइन विकायला काढल्या, तेव्हा ॲमेझॉनचं भारतातलं दुकान उघडून जेमतेम वर्ष झालं होतं. आमच्या ओळखीपाळखीत इंटरनेटवरून मागवायच्या वस्तू दोनच, पुस्तक नाहीतर मोबाइल. पाहुणे आले की घडी घालून आतल्या खोलीत ढकलायची वस्तू बंगळूरचं कुणी पैसे मोजून मागवेल, यावर वाईजवळच्या आमच्या मावशीचा काडीचा विश्वास नव्हता. शिवायचं काम तिचं आणि तिच्या आळीतल्या बायकांचं. फोटो, वर्णन, पॅकिंग, हिशेब आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे, पुण्यात. ही वाटणी आजही तशीच आहे. बाकी बरंच बदललं.

गोधडी कशी होते ते थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी भानगड तिथूनच सुरू होते. खाली लुगडं ताणून अंथरायचं, त्यावर जुन्या सुती कापडाचे थर, वर ठिगळांची जुळणी. मग कडेने धावदोरा धरायचा आणि चौकोनामागून चौकोन घालत मधोमध यायचं. दोन बायका समोरासमोर बसल्या तर टाक्यांवरून कुठली बाजू कुणाची ते कळतं. मावशीचा टाका बारीक, तिच्या जावेचा लांब आणि किंचित तिरपा. थर कोणते घालायचे ते घरात काय जुनं निघालं त्यावर. त्यामुळे दोन गोधड्या सारख्या होत नाहीत, आणि कुणी तशा व्हाव्यात असं म्हणतही नाही.

म्हणजे तोपर्यंत कुणी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा एका बाजारपेठेवर विक्रेता म्हणून नाव नोंदवलं आणि वस्तूची माहिती भरायला बसले. ब्रँड? मॉडेल क्रमांक? रंग कोणता, यादीतून एक निवडा. आमच्या पहिल्या गोधडीत रंग मोजायचे म्हटले तर संध्याकाळ झाली असती. शेवटी ‘मल्टिकलर’ नावाच्या कप्प्यात तिला बसवलं. पुढचा प्रश्न, वस्तू नवी की वापरलेली? शिवण नवी, कापड पंचवीस वर्षं नेसलेलं. ‘वापरलेली’ म्हटलं तर भंगाराशेजारी जाऊन पडणार, ‘नवी’ म्हटलं तर धुवट वास आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली. मी ‘नवी’वर खूण केली. आणि सगळ्यात खाली होतं स्टॉक. तिथे मी १ लिहिलं.

त्या एकच्या आकड्याने आमचा जेवढा घाम काढला तेवढा शिवणकामाने मावशीचा काढला नसेल. मोबाइलचं कव्हर विकणारा एकदा फोटो काढतो, एकदा मजकूर लिहितो आणि त्यावर हजार नग विकतो. आमचा एक फोटो एकच गोधडी विकणार. पांढऱ्या पार्श्वभूमीचा मुख्य फोटो, टाक्याचा जवळून फोटो, मागची बाजू, घडी, लांबी-रुंदी, वजन, वर्णन. अर्धा दिवस त्यात जातो, आणि गोधडी विकली गेली की ते पान संपतं. पानासोबत गिऱ्हाइकाने दिलेले तारे आणि चांगले शब्दही अडगळीत जातात. शोधात वर कोण दिसणार, तर ज्या पानावरून आधी पुष्कळ विक्री झालेली आहे ते. आमचं प्रत्येक पान जन्माला येताना विक्री शून्य, आणि एक झाली की मेलं. हाताच्या वस्तूंचे ऑनलाइन धंदे का अडखळतात याची कारणं लोक कमिशनमध्ये, जाहिरातीत, परताव्यात शोधतात. ती आहेतच. पण माझ्या मते मूळ दुखणं हा स्टॉकचा कप्पा आहे. ही दुकानं सारख्या नगांसाठी बांधलेली आहेत.

याला एक अपवाद होता. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू झालेलं एट्सी मुळात हाताने केलेल्या आणि जुन्या वस्तूंसाठीच होतं. वीस सेंट भरले की वस्तू चार महिने दुकानात राहायची आणि एकच नग असण्यात तिथे कुणाला वावगं वाटत नसे. ‘जुन्या साड्यांची’ हे शब्द आपल्याकडे चोरून लिहावे लागायचे, तिथे ते मथळ्यात घालता यायचे. आमच्या गोधड्या तिथे गेल्या तेव्हा मात्र पाहुण्यांची पंगत बदलू लागली होती. २०१३ मध्येच एट्सीने विक्रेत्यांना बाहेरच्या कारखान्यातून माल करून घ्यायची मुभा दिली होती. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, त्याच वर्षी ॲमेझॉननेही हस्तकलेचं वेगळं दालन काढलं. कमिशन साडेतीनवरून २०१८ मध्ये पाच टक्क्यांवर आणि एप्रिल २०२२ मध्ये साडेसहावर गेलं. त्या वाढीविरुद्ध विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवून संप केला. कमिशन वाढायचं राहिलं नाही.

खरं सांगायचं तर त्या दीड टक्क्याचं मला फारसं वाटलं नाही. शेजार बदलला त्याचं वाटलं. शोधात आमच्या डावी-उजवीकडे निम्म्या किमतीचे, हातशिलाईचं नाव लावलेले आणि शेकड्याने एकसारखे दिसणारे क्विल्ट येऊन बसले. गिऱ्हाईक विचारायचं, तुमचीच एवढी महाग का? उत्तर द्यायला मावशीला कॅमेऱ्यासमोर बसवून टाके घालतानाचा व्हिडिओ काढला. तिने दोन तास एकही शब्द न बोलता शिवलं आणि उठताना म्हणाली, “एवढं बघून तरी घेत्याल का?” एकाने घेतली.

मधल्या काळात १ जुलै २०१७ला जीएसटी आला. जत्रेत, बचत गटाच्या प्रदर्शनात मांडून विकणाऱ्या बाईला उलाढालीची ठरावीक मर्यादा ओलांडेपर्यंत नोंदणी लागत नव्हती. तीच बाई तोच माल ऑनलाइन बाजारपेठेवरून विकेल तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. आमच्या ओळखीच्या क्रोशाच्या, मण्यांच्या, मातीच्या दागिन्यांच्या कितीतरी जणी तिथेच थांबल्या. ऑक्टोबर २०१८ पासून बाजारपेठा पैसे चुकते करतानाच एक टक्का कर कापून घेऊ लागल्या. आता तो अर्धा टक्का आहे. लहान विक्रेत्यांना नोंदणीशिवाय विकायची सवलत मिळाली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तीही आपल्याच राज्यात माल पाठवण्यापुरती. वाईची गोधडी पुण्याला चालेल, बेळगावला नाही.

कुरिअरचं गणित हा वेगळाच अध्याय. वजन नुसतं तराजूवरचं धरत नाहीत, खोक्याचंही धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि पाच हजारांनी भागायचं. येईल तो आकडा आणि खरं वजन यातला मोठा तो लागू. तीन किलोची गोधडी सैल घडी घालून ४० बाय ३५ बाय २० च्या खोक्यात घातली की तिचे साडेपाच किलोंहून जास्त होतात. तीच गुडघ्याखाली दाबून हवा काढली, नाडीने करकचून बांधली आणि उंची १२ वर आणली, तर सव्वातीन-साडेतीनच्या दरम्यान येते. नफा-तोटा त्या आठ सेंटिमीटरमध्ये होता. घरी आलेल्या पाहुण्यांना मी गोधडीवर बसवून चहा दिलेला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आधी सगळं ठप्प झालं, मग अचानक लहान बाळांच्या दुपट्यांना मागणी आली. दुपटं लहान, हलकं, जुन्या कापडाचा प्रश्न नको म्हणून इचलकरंजीचं नवं सुती कापड, आणि नवं कापड ताग्याने येत असल्यामुळे एकाच नमुन्याची हवी तेवढी निघतात. मी पाच नमुने ठरवले आणि स्टॉकच्या कप्प्यात पहिल्यांदा ३० लिहिलं. एकदा काढलेला फोटो महिनोन्‌महिने पुरला, तारे एकाच पानावर साठत गेले, शोधात वर आलो. बायकांना दर महिन्याला ठरलेली मजुरी देता येऊ लागली, जी त्याआधी कधीच देता आली नव्हती. धंदा म्हणून जे काही उभं राहिलं ते तेव्हा. मावशीने एकावर एक रचलेला तो गठ्ठा पाहिला आणि म्हणाली, “ह्यो गनवेश हाय, पोरी. दुपटं न्हवं.” तिचं बरोबर आहे. गणवेशावर सहा घरं चालतात, हेही बरोबर आहे.

मोठ्या गोधडीचे दिवस मात्र बाजारपेठेवर पालटले नाहीत. २०२५ ने तर उरलंसुरलंही नेलं. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांवरची शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून काढून घेतली. आपल्या टपाल खात्याने चार दिवस आधीच तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ते ऑक्टोबरच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. सप्टेंबरात इकडे जीएसटीचे दर बदलले. सुती रजईला अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, त्यावर अठरा. मशीनची रजई पाचात बसते. हाताने भरलेली डबल गोधडी अडीच हजारांत द्यायची तर बायकांची मजुरी कुठून द्यायची, ते त्या तक्त्यात लिहिलेलं नाही.

तरीही मोठ्या गोधड्यांचं काम आमच्याकडे आज पूर्वीपेक्षा जास्त आहे. ते कुठल्याच बाजारपेठेवर दिसणार नाही. मध्ये नागपूरच्या एका गिऱ्हाईक बाईंनी दुपट्याच्या पानाखाली प्रश्न टाकला होता, आई गेली, तिच्या साड्या आहेत, त्यांची गोधडी करून द्याल का? असल्या कामाला तिथल्या फॉर्मात कप्पा नाही, आणि परस्पर फोन नंबर देणं नियमात बसत नाही. पुढे त्या पुण्याच्या एका प्रदर्शनात भेटल्या, साड्यांची पिशवी सोबत घेऊनच. त्यानंतर एकीने दुसरीला सांगितलं. आता ही कामं फोनवर येतात, आगाऊ निम्मे पैसे घेऊन होतात, आणि एकही गोधडी परत आलेली नाही.

तुमच्याकडे अशा साड्या असतील तर पाठवण्यापूर्वी एवढं करा. सुतीच निवडा, नायलॉन आणि जॉर्जेटवर टाका सरकतो. जरीचे काठ उसवून वेगळे ठेवा, पांघरताना टोचतात. धुऊन कडक उन्हात वाळवा, स्टार्च करू नका. डबल गोधडीला आठ-दहा लागतात, कमी असतील तर आतले थर आम्ही घालतो. आणि कुठली साडी वर दिसायला हवी, ते चिठ्ठीवर लिहून त्या साडीलाच टाचून द्या.