उन्हाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

उन्हाळा लागला की वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात रोज एक चौकट येते. चंद्रपूर, अकोला, वर्धा, नागपूर अशी गावांची नावे आणि त्यांच्यासमोर कालचे कमाल तापमान. विदर्भातला माणूस ती चौकट क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो. आज चांद्याने नागपूरला मागे टाकले, याची त्याला थोडी प्रौढीही वाटते. मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. ते उपकरणच बिघडले होते, असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला आणि लोक हसून मोकळे झाले.

पण त्या चौकटीतली एक गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. तिथला आकडा सावलीतला असतो. वेधशाळेतला तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याला ऊन लागू नये, वारा मात्र मिळावा, अशी सारी व्यवस्था असते. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे, कारण हवेचे तापमान असेच मोजायचे असते. परंतु स्लॅबवर सळ्या बांधणारा, डांबराच्या रस्त्यावर खडी पसरणारा किंवा वीटभट्टीतून विटा काढणारा माणूस त्या पेटीत बसलेला नसतो. वरून सूर्य, खालून तापलेले सिमेंट आणि समोर भट्टी, अशा तिन्ही बाजूंनी त्याला आच लागते. पेपरात ४४ छापून येते ते तुमच्याआमच्यासाठी. त्याच्या वाट्याला किती येते ते कोणी छापत नाही, कारण ते कोणी मोजतच नाही.

शरीराचे गणित

माणसाचे शरीर सुमारे ३७ अंशांवर चालते. काम करताना स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि ती बाहेर टाकायला शरीराजवळ मुख्य उपाय एकच, घाम. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच शरीर थंड होते. म्हणून कोकणातल्या दमट हवेत ३७-३८ अंशसुद्धा जिवावर बेततात. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला आलेली माणसे दगावली, ती नुसती बसलेली माणसे होती. डोक्यावर घमेले घेऊन चार मजले चढणाऱ्या बाईचे काय होत असेल, याची कल्पना त्यावरून करावी.

शरीराच्या आतले तापमान चाळिशीच्या पुढे गेले की मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, त्याचा तोल जातो, तो चिडतो. पुष्कळदा मुकादमाला वाटते की हा पिऊन आला आहे. खरे तर त्या क्षणी त्याला सावलीत आडवे करून, अंगावर भरपूर थंड पाणी ओतून, वारा घालायला हवा आणि दवाखान्याची गाडी बोलावतानाही हे थांबवता कामा नये. उष्माघातात मिनिटांचा हिशेब असतो.

आणखी एक गोष्ट मुकादमांना सांगायला हवी. उन्हाची सवय शरीराला हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत होते. त्यामुळे सर्वांत मोठा धोका असतो नव्या माणसाला, पहिल्या काही दिवसांत. म्हणून अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेने नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचवा हिस्साच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवीत न्यावे, असा दंडक सांगितला आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते. नवा माणूस पहिल्या दिवशी आपली ताकद दाखवायला दुप्पट राबतो.

'हाजरी कटते, साहेब'

बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी गेली. आमच्या शाखेच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती आणि शिपाई दर तासाला तिच्यावर पाणी मारीत असे. समोर एका इमारतीचे बांधकाम चालू होते. भर मे महिन्यात दुपारी दीड-दोन वाजता तिथल्या बाया भिंतीच्या हातभर सावलीला चिकटून रेतीची घमेली वाहत. सावली सरकली की त्यांची वाटही सरके. एकदा पाणी प्यायला आमच्या रांजणाशी आलेल्या एका बाईला मी विचारले, "अहो बाई, तासभर बसत का नाही? ऊन लागेल ना!" ती म्हणाली, "बसली त अर्धी हाजरी कटते, साहेब." आणि पदराने तोंड पुसून पुन्हा निघून गेली.

उन्हातल्या कष्टांविषयी पुढे मी जे जे वाचले, त्याचे सार त्या एका वाक्यात आहे. आपल्या मजुराला उन्हाचे ज्ञान नाही, असे मुळीच नाही. डोक्याला शेला बांधावा, पहाटे कामाला लागावे, आंबील प्यावी, पन्हे घ्यावे, नवतपात दुपारी बाहेर पडू नये, हे त्याला तुमच्याआमच्यापेक्षा अधिक कळते. कधी थांबायचे ते त्याचे शरीर त्याला सांगत असते. पण थांबण्याची किंमत त्याला स्वतःच्या खिशातून मोजावी लागते आणि ती त्याला परवडत नाही.

जिथे नगावर मजुरी मिळते तिथे हे अधिकच खरे. वीटभट्टीवर पैसे मिळतात ते हजार विटांमागे. गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या कुटुंबाला पैसे मिळतात ते पुड्यांच्या शेकड्यावर आणि एका पुड्यात पाने असतात सत्तर. पहाटे अंधारात जंगल गाठून पाने तोडायची आणि दुपारी घरी बसून पुडे बांधायचे, ही तिथली जुनी शहाणी रीत. पण हंगाम जेमतेम काही दिवसांचा. तेवढ्यात वर्षाची गाठ मारायची असते, म्हणून पहाट लांबत लांबत दुपारपर्यंत जाते. शहरातला दुचाकीवरून घरपोच जेवण आणणारा मुलगा फोन हातात घेऊन हिंडतो खरा, पण त्याचाही हिशेब फेरीवरच असतो. साधन बदलले, नगाचा दर बदलला नाही.

बायकांची अडचण आणखी वेगळी. कामावर संडास नसतो, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. रांजण भरून ठेवला तरी त्यांच्या उपयोगाचा नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे मोठ्या प्रमाणावर निकामी होऊ लागली, तेव्हा उन्हातले अतिश्रम आणि वरचेवर होणारा पाण्याचा तुटवडा यांवर संशोधकांचे बोट गेले. म्हणजे ऊन एका दिवसात मारते तसे वर्षानुवर्षे झिजवतेही. या झिजेची नोंद कोणत्याच वहीत होत नाही.

कायदा आहे, पण कारखान्यापुरता

कायदा काहीच म्हणत नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात खेळती हवा आणि सुसह्य तापमान राखण्याची जबाबदारी मालकावर होती. अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाण्याची सोय करणे बंधनकारक होते. २००५ च्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात कामावर पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली, विश्रांती आणि प्रथमोपचाराची पेटी यांचा उल्लेख होता. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षिततेच्या संहितेत कामाच्या जागेचे तापमान आणि आर्द्रता यांविषयी मानके ठरविण्याचा अधिकार सरकारकडे आहे. पण पारा अमुक ठिकाणी गेला की काम थांबवा आणि त्या वेळेची मजुरी द्या, असे स्पष्ट वाक्य मूळ संहितेत नाही. दर उन्हाळ्यात सरकारकडून कामाच्या वेळा बदलण्याविषयी पत्रके निघतात, पण ती सल्ल्याची असतात. सल्ला ऐकला नाही तर कोणाचे काही बिघडत नाही. बिघडलेच तर मजुराचे.

त्याचे बिघडले तरी ते कागदावर येणे कठीण. मजूर कामावर कोसळला तर दाखल्यावर बहुधा हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होते. भरपाई मागायची तर मृत्यू कामामुळे झाला हे दाखवावे लागते. उन्हाची पावती कुठून आणायची?

जिथे हे जमले

हे सारे अटळ आहे का? केरळात दर उन्हाळ्यात कामगार खाते आदेश काढून दुपारी बारा ते तीन उघड्यावरचे काम थांबवते आणि आठ तासांची पाळी सकाळ-संध्याकाळ विभागून देते. आपल्या कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे ज्या आखातात कामाला जातात, तिथल्या कतारने २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास मनाई केली. शिवाय ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र मोजणारा निर्देशांक ३२.१ च्या वर गेला तर कोणत्याही वेळी काम थांबवायचे, असा नियम केला. जगभरातून टीका झाल्यावर केला हे खरे, पण केला. म्हणजे चिपळूणच्या सुताराला दोह्यात जी दुपार मिळते, ती चिपळुणात मिळण्याची खात्री नाही.

अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. त्याच गुजरातेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०२३ मध्ये २१ हजार सभासदांसाठी उन्हाचा विमा सुरू केला. पारा ठरलेल्या मर्यादेपुढे काही दिवस टिकला की पंचनामा नाही, दाखला नाही, थेट खात्यात पैसे. पहिल्या वर्षी ती मर्यादा गाठलीच गेली नाही. योजना सुधारून पुढच्या वर्षी राजस्थान आणि महाराष्ट्रातही नेली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात हजारो बायकांच्या हाती थोडेफार पैसे पडले. रक्कम लहान असेल. पण ऊन लागले तर हाजरी कटू नये, हे तत्त्व प्रथमच हिशेबात आले.

खर्च किती?

'हे सगळे परवडणार कसे?' हा प्रश्न येणारच आणि जन्मभर कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाला तो टाळता येत नाही. म्हणून एक साधे गणित मांडतो. समजा, तुमचे चाळीस लाखांचे घर बांधले जात आहे आणि कामावर सहा माणसे आहेत. सरासरी मजुरी आठ तासांचे ६४० रुपये, म्हणजे तासाला ८० धरू. प्रत्येकाला दुपारी दोन तासांची पगारी विश्रांती दिली, तर दिवसाला ९६० रुपये. कडक उन्हाचे तीस दिवस धरले तर २८ हजार ८०० रुपये. चाळीस लाखांत हे शेकडा पाऊण टक्काही होत नाही. काम पहाटे लवकर सुरू केले तर त्यातलाही बराच भाग भरून निघतो. दारासमोरच्या फरशीवर आपण याहून अधिक खर्च हौसेने करतो.

न देण्याचाही खर्च असतोच. २०३० मध्ये उन्हामुळे भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ रोजगारांइतके काम बुडेल, असा अंदाज आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये वर्तवला होता. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जोखीम आहेच, प्रश्न एवढाच की ती कोणाच्या नावे टाकायची. आज ती ज्याच्या खात्यात शिल्लकच नाही, त्याच्या नावे पडते आहे.

मुलांसाठी आपण उन्हाळ्यात सकाळची शाळा करतो आणि तिच्यासाठी कोणी अर्थशास्त्र विचारीत नाही. तीच समजूत कामाच्या वेळांना लावायची आहे. कायद्यात ते वाक्य यायला हवे, त्यासाठी आमदार-खासदारांना विचारायलाही हवे. पण आपल्या घरच्या कामाला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. गवंड्याला, रंगाऱ्याला, बाग खणणाऱ्याला आधीच सांगावे की सहाला या, अकराला थांबा, चारला पुन्हा लागा. पाण्याचा माठ, बसायला सावली, बायकांसाठी घरातला संडास उघडा ठेवावा. दुपारी दोनला जेवण मागवण्याऐवजी वरण-भाताचा कुकर लावावा. आणि आठवड्याच्या शेवटी हिशेब करताना त्या दुपारच्या तासांची हाजरी पूर्ण धरावी.