'कर्करोगावरील औषध' वाचले आणि कॅप्सूल बंद केली

एटापल्लीतल्या आपल्या वस्तीतील एका ताईंनी गेल्या पावसाळ्यात मुलाची कॅप्सूल बंद केली. मुलगा नऊ वर्षांचा, सिकलसेलचा एसएस रुग्ण. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केले होते. थोरल्या मुलीने मोबाईलवर औषधाचे नाव टाकले, तर पहिल्याच ओळीत 'कर्करोगावरील औषध'. ताईंना वाटले, मुलाला कर्करोग आहे आणि आपल्यापासून लपवला. पुढे हातपाय असे दुखू लागले की पोराला रात्रीच दवाखान्यात न्यावे लागले.

ताईंना आम्ही दोष देत नाही. वाचले ते खोटे नव्हते, अर्धे होते. रक्ताच्या काही कर्करोगांत हे औषध देतात. सिकलसेलमध्ये ते वेगळ्या कामासाठी देतात. आईच्या पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते. या औषधाने ते पुन्हा वाढते. मग लाल पेशी विळ्यासारख्या कमी वाकतात, नसांत कमी अडकतात, दुखण्याचे झटके कमी येतात. मात्र अधूनमधून रक्त तपासावे लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्यानेच घ्यायचे आणि त्यांना विचारूनच थांबवायचे. एवढे सांगायला पाच मिनिटे लागतात. ताईंना ते कोणी सांगितले नव्हते.

मजकूर कधीचा आहे, हेही पाहावे. अमेरिकेत सिकलसेलच्या मोठ्या माणसांसाठी या औषधाला 1998 साली मान्यता मिळाली, लहान मुलांसाठी 2017 साली. त्याआधीच्या पानावर 'मुलांना देऊ नये' असे लिहिलेले असू शकते. ज्या पानावर तारीख नाही, लिहिणाऱ्याचे नाव नाही आणि खाली काढ्याची बाटली विकायला ठेवली आहे, ते तिथेच बंद करा. सिकलसेल मुळातून बरा करणारे अस्थिमज्जा प्रत्यारोपणासारखे उपचार आहेत, पण ते मोठ्या रुग्णालयात होतात, कुरियरने येत नाहीत.

भाषेची अडचण तर वेगळीच. इंग्रजीवरून यंत्राने केलेल्या मराठीत 'सिकलसेल संकट' असे छापून येते. आपल्या घरात कोणी म्हणते का, पोराला संकट आले म्हणून? सांधे ठणकतात, हाडे फुटल्यासारखी दुखतात, असे आपण म्हणतो. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या मुलाला समजेल असा असावा, असा अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेचा सल्ला आहे. मराठीत तसा मजकूर शोधावा लागतो.

'चारात एक' हा आकडाही असाच फसवतो. नवरा-बायको दोघेही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल एसएस निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा त्याचा अर्थ नाही. विदर्भात आदिवासींप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल बराच आहे, म्हणून लग्नाआधी तपासणी करून घ्यावी असे आम्ही वारंवार लिहितो.

आपल्या जंगलभागात सर्वांत घातक गैरसमज मात्र हा: 'सिकलसेलवाल्याला मलेरिया होत नाही.' वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, एवढेच खरे. मलेरिया त्यांनाही होतो. एसएस रुग्णाला तर मलेरिया फार जड जातो. मच्छरदाणी दोघांनाही हवी आणि ताप आला की त्याच दिवशी रक्ताची तपासणी हवी. एसएस मुलाला ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, अचानक पांढरेफटक पडले किंवा एक बाजू लुळी पडली, तर मोबाईल उघडू नका, थेट दवाखाना गाठा.

एरवी वाचायला हरकत नाही. खटकलेले पान तसेच ठेवा, नेटवर्क जाते म्हणून त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवून विचारा, 'हे माझ्या मुलाला लागू आहे का?' त्या ताईंनी शेवटी तेच केले. डॉक्टरांनी रक्त तपासून कॅप्सूल पुन्हा सुरू केली. पुढच्या तपासणीची तारीख आता थोरल्या मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.