नोकरी लागली, आता रोजच्या गाडीचे गणित

जामनेरच्या मुलामुलींना शिक्षणानंतर नोकरी गावात मिळणे अवघड. जळगाव, भुसावळ, नाशिक, पुणे, नाहीतर मुंबई. नियुक्तीपत्र आले की घरात मिठाई वाटली जाते, पण दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो: रोज जायचे कसे आणि घरी परतायचे किती वाजता?

आपल्या गावाला आगगाडी नवी नाही. पाचोरा-जामनेर ही 56 किलोमीटरची नॅरोगेज लाईन, म्हणजे आपली ‘पीजे’, इंग्रज काळातली. पहूर, शेंदुर्णी करत ती पाचोऱ्याला मुंबईच्या मुख्य मार्गाला मिळायची. वेग बेताचाच, दोन तासांहून जास्त वेळ घ्यायची, पण तिकीट गरिबाला परवडायचे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली ती थांबलीच. आता ती ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. ते होईल तेव्हा होईल. आज मात्र जामनेरकराला आधी एसटीने जळगाव, भुसावळ किंवा पाचोरा गाठावे लागते आणि मग गाडी.

आमच्या भाचीला मुंबईत साकीनाक्याच्या एका कार्यालयात हिशेबाचे काम मिळाले. आमची बहीण मुंब्र्याजवळ कौसाला राहते, म्हणून राहण्याची सोय झाली. तरी मुलीच्या अब्बांचा एकच सवाल होता, “पगार किती ते नंतर सांग, घरी किती वाजता येशील ते आधी सांग.” नानी तर नकोच म्हणत होत्या. मुलीने तीन वर्षे अभ्यास करून मिळवलेली नोकरी केवळ धास्तीपोटी सोडायची का? आम्ही ठरवले की वाद घालण्यापेक्षा रुजू होण्याआधी आठवडाभर मुंबईला जाऊन रस्ताच मोजावा.

पहिली गोष्ट, खानदेशातून जाताना थेट सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. कल्याण 54 किलोमीटर अलीकडे आहे. तिथे उतरून स्लो लोकल धरली की मुंब्रा येते.

दुसरी गोष्ट, रस्ता कामाच्या दिवशी आणि कामाच्याच वेळेला मोजावा. रविवारी गर्दी कमी असते आणि बऱ्याच रविवारी मेगाब्लॉकमुळे वेळापत्रक बदललेले असते. रविवारचा हिशेब सोमवारी उपयोगी पडत नाही. आम्ही मंगळवारी सकाळी भाचीसोबत निघालो. कौसाहून शेअर रिक्षा आणि तिची रांग 20 मिनिटे, फलाटावर थांबणे 10, मुंब्रा ते घाटकोपर स्लो लोकल 40, पूल ओलांडून मेट्रोपर्यंत 10, साकीनाक्यापर्यंत मेट्रो आणि तिची वाट पाहणे 10, शेवटी पायी 10. दार ते दार 1 तास 40 मिनिटे. नुसते गाडीचे वेळापत्रक पाहिले असते तर 50 मिनिटेच दिसली असती. उरलेली 50 मिनिटे कुठल्याच वेळापत्रकात लिहिलेली नसतात.

तिसरी गोष्ट परतीची. सकाळ सगळे मोजतात, संध्याकाळ कोणी मोजत नाही. सहाला सुटणारी मुलगी पावणेआठच्या सुमारास घरी पोहोचते. मुंबईत डिसेंबरमध्ये मगरिब सहाच्या आसपास होते, जूनमध्ये सव्वासातच्या पुढे. म्हणजे हिवाळ्यात कार्यालयातच नमाज पढून निघायचे, की निघण्याची वेळ थोडी बदलून मागायची, हे आधीच बोलून घ्यावे. रमजानमध्ये इफ्तार गाडीत होणार हे धरून पर्समध्ये खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी.

चौथी गोष्ट पासची. मासिक आणि त्रैमासिक असे दोन्ही पास मिळतात. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा. बहिणीचा पास बहिणीला चालत नाही. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान 250 रुपये दंड होतो. सुरुवातीला एकाच महिन्याचा पास काढावा, म्हणजे रस्ता बदलला तरी पैसे अडकत नाहीत.

पाचवी गोष्ट जिवाची. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच खचाखच भरलेल्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काही घरांचे कमावते गेले. भाचीला आम्ही शपथच घातली: महिलांच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसेल तर गाडी सोडायची. उशिराचा लाल शेरा पुसता येतो. म्हणून रोजच्या वेळेत एका गाडीची सवलत धरूनच घरून निघावे. रेल्वेची 139 ही मदतवाहिनी मोबाइलमध्ये जतन करावी.

सहावी गोष्ट पावसाची. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि लोकल बंद पडून लाखो लोक अडकले. तसा दिवस रोज येत नाही, पण रस्त्यात रात्र काढता येईल असे एक घर माहीत हवे. भाचीसाठी आम्ही घाटकोपर आणि कुर्ला इथल्या दोन नातलगांचे पत्ते कागदावर लिहून दिले, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

हा सगळा हिशेब आम्ही अब्बांपुढे ठेवला. दिवसाला 3 तास 20 मिनिटे प्रवासात जाणार, हे लपवले नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “तीन महिने करून बघ. झेपले नाही तर जवळ महिला वसतिगृह शोधू, नोकरी सोडायची नाही.” नानींनी मान हलवली आणि दुआ दिली.

ज्या घरात असे पत्र येईल, तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याआधी वडिलांनी, भावाने किंवा मामूने एकदा मुलांसोबत त्या रस्त्याने जाऊन यावे. धास्ती कमी होते, आणि जी उरते तिच्यावर काय उपाय करायचा तेही कळते.