घरबसल्या डी. फार्म.? मोबाईलवर शिकता येतं, पण मेडिकल टाकता येत नाही

कोरेगाव : बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "मुलाला घरबसल्या डी. फार्म. करून देतो, कॉलेजला जायचं नाही, हजेरीचं आम्ही बघतो." पुतण्याच्या वेळी मलाही असा फोन आला होता. आलं विकून चार पैसे हातात होते, त्यामुळे क्षणभर मोह झाला. खोटं कशाला सांगू!

पण गावात मेडिकल टाकायचं तर अन्न व औषध प्रशासनाचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी नोंदणी झालेला फार्मासिस्ट. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे ही नोंदणी फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने मान्य केलेल्या कोर्सवरच होते. डी. फार्म. दोन वर्षांचं. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीला वेगवेगळी ७५ टक्के हजेरी पाहिजे. शिवाय किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं ट्रेनिंग, दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये उभं राहून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमातही फार्मसीची पदवी ऑनलाईन किंवा दूरशिक्षणाने देता येत नाही.

एवढी कडक अट का? लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉलचं पातळ औषध घ्या. एकात ५ मिलीला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. चमचा तोच, डोस दुपटीहून जास्त. डॉक्टरांचं अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. बाटली हातात घेऊन, चिठ्ठी वाचून, चुकलं की सरांचं बोलणं खाऊनच हे अंगी येतं.

म्हणून मोबाईल बिनकामाचा, असं मात्र नाही. लॉकडाऊनमध्ये कॉलेजं बंद होती तेव्हा पोरं त्याच्यावरच शिकली. आपल्याकडची खरी अडचण इंग्रजीची. बारावीपर्यंत जमतं, पण फार्माकोलॉजीतले शब्द एकदम अंगावर येतात. वर्गात सर पुढं निघून जातात, व्हिडिओ मात्र थांबवून चार वेळा मागं घेता येतो. सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर २०१७ पासून फुकट कोर्स आहेत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी वेगळी. मात्र त्या सर्टिफिकेटवर कुणी फार्मासिस्ट होत नाही. साताऱ्याची एसटी चुकली म्हणून बुडालेलं लेक्चर मोबाईलवर भरून निघेल, बुडालेलं प्रॅक्टिकल नाही.

प्रवेशाआधी कौन्सिलच्या वेबसाईटवर कॉलेजचं नाव आणि त्या वर्षाची मान्यता बघा. डी. फार्म.चे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रक्रियेतून होतात, बी. फार्म.ला सीईटी असते. पैसे भरले की कॉलेजच्या नावाची पावती घ्या.

त्या फोनवाल्याला मी एवढंच विचारलं होतं, "कॉलेज कुठलं आणि प्रॅक्टिकल कुठं घेणार?" त्यानं फोन ठेवला. पुतण्या आता सकाळच्या एसटीने कॉलेजला जातो, आणि रात्री जेवण झाल्यावर कानात हेडफोन घालून तेच लेक्चर पुन्हा ऐकत बसतो.