बाग कुणाची? तळमजल्याच्या फ्लॅटचे कागद वाचताना

आज आपण शहरातल्या घराबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या कार्यक्रमात फ्लॅटचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. पण शहाद्याची लेक नाशिकला नांदते, नवापूरचा मुलगा सुरतला कामाला आहे, तळोद्याची भाची पुण्यात नर्स आहे. ही मुलं आज ना उद्या घर घ्यायला निघतात आणि तेव्हा पैसा गावाकडूनच जातो. आईची पाटली मोडते, गटातून कर्ज निघतं, कधी शेताचा तुकडाही विकायला काढतात. पैसा आपला असेल तर कागदही आपण वाचले पाहिजेत.

मोबाईलवर हल्ली एक जाहिरात नेहमी दिसते. 'तळमजला, संपूर्ण नूतनीकरण केलेला आलिशान फ्लॅट, स्वतःची खासगी बाग.' फोटोत हिरवळ, झोपाळा, कुंडीत जास्वंद. आपल्याला हे चित्र लगेच पटतं, कारण आपलं आयुष्य अंगणात गेलेलं असतं. चौथ्या मजल्यावरच्या लेकीकडे गेलं की दोन दिवसांत जीव कोंडतो. पाय मातीला लागत नाहीत, मिरच्या वाळवायला जागा नाही, गुडघे दुखतात आणि लिफ्ट बंद पडली की खाली येणंच नको वाटतं. त्यामुळे बाग असलेला तळमजला म्हटलं की आई-बाप आधी भुलतात. भुलायला हरकत नाही. पण त्या बागेची मालकी कुणाची, हे विचारल्याशिवाय इसार देऊ नये.

आधी माप समजून घेऊ. आपलं माप गुंठ्याचं, शहराचं चौरस फुटाचं. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. जाहिरातीतली 300 चौरस फुटांची बाग म्हणजे पाव गुंठ्यापेक्षा थोडी जास्त. आपल्याकडे एवढ्या जागेत वालाचा मांडव, दोन शेवगे आणि थोडी मिरची होते, आणि त्या जागेला कुणी वेगळी किंमत लावत नाही. शहरात लावतात. समजा फ्लॅट 700 चौरस फुटांचा आहे, बाग 300 ची आणि भाव फुटाला 5,000 रुपये. नुसत्या फ्लॅटचे 35 लाख होतात. विकणाऱ्याने बागही त्याच भावात मोजली तर 50 लाख. वरचे 15 लाख कशाचे, हा प्रश्न तिथेच, समोरासमोर विचारायचा.

उत्तर बहुतेक वेळा अडखळत येतं. फ्लॅटचं क्षेत्र कसं मोजायचं हे कायद्याने ठरवून दिलेलं आहे. 2016 च्या रेरा कायद्यात त्याला चटई क्षेत्र म्हटलं आहे. भिंतींच्या आतली वापरता येणारी जमीन आणि आतल्या खोल्यांमधल्या भिंती एवढंच त्यात धरतात. बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आणि त्या घरापुरती असलेली बाल्कनी, व्हरांडा, उघडी गच्चीसुद्धा धरत नाहीत. बाल्कनीच जिथे चटई क्षेत्रात येत नाही, तिथे बाग कुठून येणार? त्याच कायद्यात सामाईक जागांची यादी आहे. जिने, लिफ्ट, गच्ची, उद्यान, खेळायची जागा, उघडं पार्किंग, हे सगळं सर्व रहिवाशांचं.

आपल्या राज्याने हे पुष्कळ आधी लिहून ठेवलं होतं. 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात सामाईक जागा सांगताना अंगण, बाग, तळघर, गाड्यांची जागा यांचा उल्लेख आहे. मात्र त्याच कायद्यात एक पोटवाट आहे आणि जाहिरातीतली 'खासगी बाग' खरी असलीच तर त्या वाटेने खरी असते. तिला म्हणतात मर्यादित सामाईक जागा. म्हणजे जागा सगळ्यांची, पण वापर एका किंवा काही ठरावीक घरांचा. हे तोंडी चालत नाही. इमारतीचं घोषणापत्र नोंदवलेलं असतं, त्यात ही जागा अमुक घरासाठी राखून ठेवल्याचं लिहिलेलं लागतं. तेव्हा इमारत अपार्टमेंटची असेल तर घोषणापत्राची प्रत मागायची आणि त्यात बाग शोधायची. सापडली तर वापराचा हक्क आहे. नाही सापडली तर ती फक्त विकणाऱ्याची सवय आहे.

सहकारी गृहनिर्माण सोसायटीत गोष्ट वेगळी. तिथे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर व्हायची असते आणि आपण सभासद असतो. जुन्या मालकाने वीस वर्षं तिथे तुळस आणि गुलाब लावले असतील, कुणी हटकलंही नसेल, तरी ती जागा सोसायटीचीच. नवी कमिटी आली, ठराव झाला आणि म्हणाली कुंपण काढा, तर भांडायला हातात कागद हवा. म्हणून सोसायटीकडून लेखी विचारून घ्यायचं की या बागेबद्दल सर्वसाधारण सभेचा ठराव आहे का. 'आमचं ठरलेलं आहे' या बोलण्यावर पंधरा लाख देऊ नयेत.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल माहीत असावा. मुंबईतल्या दहिसरची पांचाली सोसायटी आणि बिल्डर नहालचंद लालूचंद यांच्यातला हा वाद 31 ऑगस्ट 2010 ला निकाली निघाला. भांडण बागेचं नव्हतं, इमारतीच्या खांबांखालच्या पार्किंगचं होतं. बिल्डर म्हणत होता, ही जागा मी वेगळी विकणार. न्यायालयाने सांगितलं की 1963 च्या महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे बिल्डरला फ्लॅट विकता येतो. जो भाग फ्लॅट नाही तो त्याला असा सुटा विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे. आता गाडी उभी करायची जागा आणि झोपाळा टांगायची जागा यांत दिसायला फरक आहे, पण प्रश्न तोच आहे.

भिंतीलगतची मोकळी जागा मुळात का सोडलेली असते, तेही लक्षात घ्या. इमारतीचा नकाशा मंजूर करताना चारही बाजूंनी काही फूट जागा मोकळी ठेवायला लावतात. उजेड, वारा यावा आणि आग लागली तर अग्निशमनाची गाडी फिरावी म्हणून. त्या जागेला भिंत घालून फाटक लावलं तर वरच्या मजल्यावरच्या लेकरांचा रस्ता अडतो. मंजूर नकाशा पाहायला मागा. नकाशात जिथे 'मोकळी जागा' लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात तिथे बागेची भिंत आहे, तिथे उद्या महापालिकेची नोटीस येऊ शकते आणि ती आपल्या लेकीच्या नावाने येईल.

विलायतेत तळमजल्याला बाग जोडलेली घरं नवलाची नाहीत, लंडनमध्ये त्यांना गार्डन फ्लॅटच म्हणतात. तिथे सहसा करारासोबतच्या नकाशावर रेघ मारून दाखवलेलं असतं की इथपर्यंत तुमचं. आपल्याकडे ती रेघ मागून घ्यावी लागते.

आता प्रत्यक्ष घर पाहायला जाऊ. इथे आपल्या बायकांची नजर कामाला येते. पावसाळ्यात जा, तेही दोन दिवस झड लागून गेल्यावर. तळमजल्याला जमिनीतून ओल चढते. भिंतीच्या खालच्या दोन हातांत रंगाचे पोपडे, पांढरी पावडर, फुगलेलं प्लास्टर दिसतं का ते हाताने चाचपून बघा. नूतनीकरण केलेल्या घरात हे झाकलेलं असतं. भिंतीला खालून लाकडी पट्ट्या मारलेल्या असतील तर विचारा, मागे काय आहे. छताला पीओपीचं दुसरं छत असेल तर वरच्यांच्या न्हाणीघराची गळती त्यामागे असू शकते. कपाट सरकवायला सांगा, सिंकखालचं दार उघडा, वास घ्या. कुबट वासाला रंग लावता येत नाही.

'दोन खोल्यांची एक मोठी बैठक केली' असं कौतुकाने सांगतील. मधली भिंत पाडली म्हणजे नक्की काय पाडलं ते विचारायचं. नुसती विटांची आडभिंत काढली तर फारसं बिघडत नाही. पण खांब किंवा तुळई तासली असेल तर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार त्या जखमी खांबावर आहे. अशा कामाला महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी लागते. परवानगीचा कागद नसेल तर स्थापत्य अभियंत्याला दोन-तीन हजार देऊन घर दाखवलेलं स्वस्त पडतं.

मग बागेत या. हिरवळीवर चौकोनी झाकणं दिसतात का? ते चेंबर, म्हणजे सगळ्या इमारतीच्या मैलापाण्याचे मार्ग. ते तुंबले की पहिलं पाणी तळमजल्याच्या न्हाणीत वर येतं. आणि सफाईला माणसं येणार ती याच बागेतून, वेळी-अवेळी. पाण्याची जमिनीखालची टाकीही कधी तिथेच असते. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ऊन कुठवर येतं ते पाहा. शेजारी उंच इमारत असेल तर वांगं-टोमॅटो विसरा, अळू तेवढं येईल. वरून काय काय पडतं तेही पाहा. केस, शॅम्पूच्या पुड्या, सिगारेटची थोटकं. कुंपणाच्या कोपऱ्यात साचलेलं असतं. डास तर असतातच.

एवढं सांगितलं म्हणून तळमजला वाईट, असं आमचं म्हणणं नाही. म्हातारी माणसं, लहान लेकरं, दिव्यांग माणूस घरात असेल तर त्याच्यासारखं सोयीचं घर नाही. कागद नीट असतील आणि भाव फक्त फ्लॅटच्या क्षेत्राचा लावला असेल, किंवा बागेच्या वापरासाठी थोडी जास्त रक्कम ठरली असेल, तर जरूर घ्यावं. फक्त एक ऐका. तळमजल्यावर राहून लिफ्टचा खर्च द्यायचा नाही, असं चालत नाही. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत लिफ्टचा देखभाल खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा द्यायचा आहे, लिफ्ट वापरा किंवा न वापरा.

घर जुन्या मालकाकडून घेताना रेराचं कवच सहसा मिळत नाही, ते बिल्डरच्या नोंदणी झालेल्या प्रकल्पाला असतं. तिथे नोंदणी क्रमांक आणि जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, आणि करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. जुन्या घराला आपणच राखण करायची. आधीची सगळी खरेदीखतं, सूची क्रमांक 2, महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि बाकी नसल्याचा दाखला, बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचं पत्र. वकिलाकडून शोध अहवाल घ्यायचा. इसार रोख देऊ नका. आणि साठेखतात बागेचं नाव कोणत्या शब्दांत आलं आहे ते लेकीला मोठ्याने वाचायला सांगा.

आता नावाचं. घर कुणाच्या नावावर? महाराष्ट्रात 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडीला टाकलं की ही सूट जाते. सुरुवातीला अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती 2023 मध्ये काढून टाकली. आई आणि लेक दोघींच्या नावावर घेतलं तरी सूट लागू होते. हे ऐकून घरातले पुरुष लगेच तयार होतात, असं आमच्या बघण्यात आहे. चाळीस हजारांसाठी का होईना, नाव लागतं.

आणि शेत विकून घर घेण्याचा विचार असेल तर थोडं थांबा. आपल्या जिल्ह्यात पुष्कळ जमीन आदिवासी कुटुंबांच्या नावावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. परवानगीशिवाय कुणी कोऱ्या कागदावर सही मागून 'नंतर बघू' म्हणाला तर सही करू नका. फ्लॅटचा इसार आधी देऊन मग जमिनीला गिऱ्हाईक शोधणं हा तर सगळ्यात वाईट क्रम. इसाराची मुदत संपते आणि जमीन मिळेल त्या भावाला जाते.

सुरतला घर घेणाऱ्यांसाठी एवढंच की ते गुजरात आहे. रेरा कायदा तोच, पण नोंदणी गुजरातच्या प्राधिकरणाकडे पाहायची. मुद्रांक शुल्काचे दर आणि स्त्रियांची सवलत तिथल्या नियमांप्रमाणे. इथली 1 टक्क्याची सूट तिथे सांगू नका. करार गुजरातीत असेल तर वाचून मराठीत सांगणारं आपलं माणूस सोबत न्या, विकणाऱ्याचं नको.