नवगावची यहुदी दफनभूमी

अलिबागच्या उत्तरेस काही मैलांवर समुद्रकाठी जे नवगाव आहे, तेथील प्राचीन दफनभूमीस बेने इस्राएल हा यहुदी समाज आपल्या पूर्वजांचे भारतातील आद्यस्थान मानतो. समुद्रापासून दूर राहणाऱ्या वाचकासही हा इतिहास परका वाटू नये. कारण तेलाचा घाणा, शेतीभाती आणि मराठी बोली यांच्याच आश्रयाने हा समाज येथे रुजला व वाढला.

परंपरा अशी की, चौल बंदराकडे निघालेले एक जहाज खांदेरी-उंदेरी बेटांच्या आसपास फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच जिवंत किनाऱ्यास लागले आणि लाटांनी आणून टाकलेली इतरांची प्रेते नवगावच्या भूमीत पुरण्यात आली. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली सिद्ध केलेल्या व 1937 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी 175 च्या सुमाराचा मानला आहे. त्या घटनेचा समकालीन लेख उपलब्ध नाही; तिची साक्ष देते ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली ही भूमी आणि या लोकांचा आचार.

धर्मग्रंथ समुद्रात गेले, तरी शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, सुंता, खवले व पर असलेलीच मासळी खाण्याचा नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना यांचा त्यांना विसर पडला नाही. तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करलेले हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणात त्यांस ‘शनिवार तेली’ हे नाव पडले; आणि ज्या गावी वस्ती केली त्या गावावरून रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी धारण केली. पुढे दाविद रहाबी नावाच्या यहुदी गृहस्थांनी याच धार्मिक आचारावरून त्यांस यहुदी म्हणून ओळखले व धर्मविधी शिकविले, अशी आख्यायिका आहे. धर्मकार्य व तंटेनिवाडा पाहणाऱ्यांस ‘काजी’ म्हणत. मुंबईत 1796 साली सॅम्युएल दिवेकर यांनी, तर अलिबागेत 1848 साली तेथील समाजाने प्रार्थनामंदिर उभारले.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात स्थायिक झाली, तरी नवगावचा स्मारकस्तंभ पाहण्यास त्यांचे वंशज आजही येतात. ज्या भूमीने निराश्रितांस आसरा दिला आणि त्यांच्या मृतांस विसावा दिला, तिचे जतन हे केवळ त्या अल्पसंख्य समाजाचे नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.