३० सप्टेंबरचा पट

मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटरवर. त्याआधीची वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी ही स्थानकं आता ठाण्या-मुलुंडला नोकरीला जाणाऱ्यांच्या तोंडी रोज असतात. आसनगावभोवती इमारती उभ्या राहताहेत. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि जमिनीचे भाव आणखी चढले. तिकडे कल्याण-मुरबाड रस्त्यालाही प्लॉटच्या जाहिरातींची रांग लागली आहे. महानगर शहापूर-मुरबाडच्या दारात आलं, तर या दोन तालुक्यांतल्या वस्तीचं आणि शाळांचं काय चाललंय ते पाहून ये, असं संपादकांनी सांगितलं होतं.

स्टेशनांजवळ जे दिसलं ते अपेक्षेप्रमाणेच होतं: इंग्रजी माध्यमाच्या शाळा, पिवळ्या बसगाड्या, प्रवेशाचे फलक. मग जिल्हा परिषदेच्या शाळांची यादी हाती आली. नावामागे ‘पाडा’ किंवा ‘वाडी’ लागलेल्या शाळा संपेचनात आणि त्यांच्यापुढे पटाचे आकडे अकरा, चौदा, नऊ असे. मूळ विषय मी तिथेच सोडला आणि या शाळांच्या मागे लागले.

कागदावरची माहिती थोडक्यात देते. २०११च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३,१४,१०३ होती आणि मुरबाडची १,९०,६५२. त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्यात एक कोटी दहा लाखांवर माणसं राहत होती, म्हणजे हे दोन तालुके मिळून त्यातला पाच टक्क्यांहूनही कमी हिस्सा. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, वाडा, डहाणू तिकडे गेले आणि सात तालुक्यांच्या उरलेल्या ठाण्यात डोंगराळ, आदिवासी मुलूख राहिला तो मुख्यतः शहापूर-मुरबाडचाच. शहापुरात एक तृतीयांशाहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे आहेत: ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली. मुरबाडमध्ये हे प्रमाण पाव हिश्श्याच्या आसपास भरतं.

हे लोक राहतात कसे, हे नकाशावर पाहिल्याशिवाय शाळांचं कोडं सुटत नाही. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. थळघाट, आजोबा, माळशेज, नाणेघाट, सिद्धगड असं वरून खाली वाचत यावं. त्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्याने सगळा प्रदेश चिरला आहे: वैतरणा, तानसा, भातसा, काळू आणि त्यांना मिळणारे असंख्य ओहोळ. त्या पाण्यावर धरणं आली. तानसा १८९२ची, मोडकसागर १९५७चा, पुढे भातसा. मुंबईच्या नळांना येणारं बहुतेक पाणी याच टापूतून जातं. बारवीच्या जलाशयाने मुरबाडची गावं घेतली आणि कल्याणपासून नवी मुंबईपर्यंतच्या शहरांना व कारखान्यांना पाणी दिलं. एप्रिल-मे महिन्यांत याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतात, हे इतक्या वेळा छापून आलं आहे की वाचणाऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालं आहे. मला अजून वाटतं.

गाव म्हणजे महसुली कागदावरचं एक नाव. प्रत्यक्षात त्याचे पाच-सहा पाडे असतात, एक टेकडीच्या पोटात, एक ओहोळापलीकडे, एक जलाशयाच्या फुगवट्याला लागून. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९च्या कायद्यानुसार इथे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी. सपाटीवर हे अंतर कळतं. इथे पाण्यापलीकडची शाळा डोळ्यांना दिसते, पण पावसाळ्यात तिथे पोचायला वळसा घालून डोंगर उतरावा लागतो. आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. त्याच वाटेवरून सहा वर्षांच्या मुलाने रोज जायचं असतं.

म्हणून शाळा पाड्यावर गेली. या भागात ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्याचा विस्तार झाला. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळेने कुरणात जावं, म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. सरकारला हे शहाणपण बऱ्याच उशिरा आलं. २०००च्या सुमारास वस्तीशाळा निघाल्या. पाड्यावरचाच थोडा शिकलेला तरुण किंवा सून नाममात्र मानधनावर एखाद्याच्या पडवीत मुलं गोळा करून शिकवू लागली. पुढे त्या शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या आणि २०१४मध्ये त्यांतल्या शिक्षकांना नियमित वेतनश्रेणी मिळाली. आज ज्या शाळांना लहान म्हणून हिणवलं जातं, त्यांतल्या कितीतरी या वाटेने आल्या आहेत. पाडाच लहान, तर शाळा मोठी कुठून होणार?

शहापूर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत मी रमले. पाड्याचं आणि गुरुजींचं नाव लिहीत नाही, त्यांचीच तशी इच्छा होती. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. त्यातली एक खोली गळते, म्हणून पावसाळ्यात चारही वर्ग एकाच खोलीत बसतात. दुसऱ्या शिक्षकांकडे मतदारयादीचं काम असल्याने तेव्हा गुरुजी एकटेच होते. ते घाटावरचे, जुन्नरकडचे. या जिल्ह्यात घाटावरचे शिक्षक पुष्कळ, आणि बहुतेकांचं लक्ष आंतरजिल्हा बदलीकडे. यांनी अर्ज करणं कधीच सोडून दिलंय.

एकाच माणसाने चार इयत्ता एकाच वेळी कशा शिकवायच्या, हा प्रश्न मला आधीपासून छळत होता. उत्तर समोर घडताना पाहिलं आणि जागची हलले नाही. खोलीच्या तीन भिंतींना जमिनीलगत काळ्या रंगाचा पट्टा मारलेला आहे, मुलांच्या हाताच्या उंचीवर, आणि प्रत्येक मुलाची त्यावर स्वतःची जागा आहे. पहिलीची मुलं खाली बसून चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करत होती आणि ढिगाशेजारी फरशीवर खडूने आकडा मांडत होती. दुसरीतले दोघे एकमेकांना शब्द घालून भिंतीवर लिहून घेत होते, चुकलं की तिथल्या तिथे हाताने पुसत होते. तिसरीला गुरुजींनी वजाबाकीची गोष्ट सांगितली: भात झोडून एवढी पायली निघालं, एवढं उचलीत गेलं, एवढं बियाण्याला ठेवलं. ती मुलं आपापल्या घरच्या आकड्यांनी तशीच गोष्ट रचत होती. चौथी गुरुजींच्या पुढ्यात अर्धगोल करून बसली होती आणि नकाशावर भातसेचं पाणी कुठून कुठे जातं ते बोटाने दाखवत होती. वीसेक मिनिटांनी काही न सांगता गट फिरले. चौथीतली एक मुलगी उठून पहिलीच्या ढिगांजवळ बसली आणि तपासू लागली. तिथे एकाने नऊचा ढीग केला होता. तिने चुकलं म्हटलं नाही. ‘परत मोज,’ एवढंच म्हणाली आणि वाट पाहत बसली.

‘कोणत्याही वेळी एकाच गटाला गुरुजी लागतात,’ ते मला म्हणाले. ‘बाकीच्या तिघांना काम लागतं. सगळी अक्कल ते काम आदल्या संध्याकाळी ठरवण्यात आहे.’ त्यांच्या टाचणवहीत रोजच्या पानाचे चार उभे रकाने आहेत आणि कोणत्या अर्ध्या तासाला ते स्वतः कोणत्या रकान्यात असणार, तेवढी चौकट लाल शाईने आखलेली. चार रकान्यांत लाल चौकट पायरीपायरीने उतरत जाते. ती वही मी कितीतरी वेळ चाळत होते. २०१५नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या लाटेत सगळीकडे फरश्या रंगल्या, तक्ते लागले. त्यातलं बरंच काही रंग उडेपर्यंतच टिकलं. इथे ते टिकलं, कारण त्याच्यामागे ही वही होती.

भाषेचंही तसंच. कातकरी घरातून आलेलं मूल पहिल्या दिवशी पुस्तकातली मराठी ऐकतं तेव्हा गप्प होतं, आणि त्या गप्प बसण्याला अनेकदा मंदपणा समजलं जातं. गुरुजी पहिला महिना पहिलीचं पुस्तक उघडत नाहीत. ओहोळातले मासे, खेकडे, रानातली पाखरं, कंद यांची नावं मुलांकडून घेतात, त्यांच्याच शब्दांत, आणि पहिली अक्षरं त्या शब्दांवर येतात. मूल आधी शिकवतं, मग शिकतं.

जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेतला शिक्षक काय करू शकतो, याची मुरबाड तालुक्यातली एक खूण तर देशभर माहीत झाली आहे. फांगणे गावात योगेंद्र बांगर या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी अक्षरं गिरवायला बसल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या हातांनी सही केली. फोटो खूप निघाले, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: गावात शाळा आणि शिक्षक होते, म्हणून बायकांना आपली वाचायची इच्छा बोलून दाखवायला कोणीतरी होतं.

आता पटाकडे येते. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. तोही आधार जुळलेल्या मुलांचाच. ज्या घरात जन्माचा दाखलाच नाही, तिथलं मूल वर्गात असून मोजणीत येत नाही. गुरुजींचे कित्येक शनिवार अशा दाखल्यांसाठी तहसील कचेरीच्या आणि आधार केंद्राच्या रांगेत गेले आहेत.

सप्टेंबरअखेर पाडा भरलेला असतो. भात पोटरीत आलेलं असतं, कोणी कुठे जात नाही. ऑक्टोबरात कापणी-झोडणी होते, दिवाळी होते आणि मग वीटभट्टीच्या मालकाचा टेम्पो येतो. पावसाळ्यात घरात दाणे नसताना उचल घेतलेली असते, ती फेडायला भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं निघतात. नवरा-बायको मिळून पहाटे अंधारात विटा पाडतात, हिशेब हजारी विटांवर होतो, आणि ओल्या विटा उलटायला मुलांचे हात लागतात. परत येणं थेट मेअखेर. म्हणजे ज्या तारखेच्या पटावर शाळेचं भवितव्य ठरतं, त्यानंतर दोन महिन्यांत तो पट अर्ध्यावर येतो, आणि जूनला पुन्हा भरतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक देतात. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत बसता येतं आणि परतल्यावर आपल्या वर्गात येता येतं. मुलाला गावात नातेवाइकांकडे ठेवून त्याच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवून दाखवल्या. पण पत्रक घेऊन गेलेल्या मुलाला भट्टीशेजारच्या शाळेत कोण नेणार? आई-बाप चिखलात, आणि अधेमधे महामार्ग. एका बापाला गुरुजींनी मुलीला आजीपाशी ठेवायला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होते. तो हात जोडून म्हणाला, ‘गुरुजी, म्हातारीला दिसत नाय. तिला कोण रांधून घालील, नि पोरीला कोण?’ गुरुजी काही बोलले नाहीत. दुपारचं जेवण शाळेत मिळेल, रात्रीचं नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

एवढं असताना लहान शाळा बंद कराव्यात हा विचार दर काही वर्षांनी परत येतो. २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचं सरकारने ठरवलं. २१ सप्टेंबर २०२३च्या पत्राने वीसपर्यंत पट असलेल्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात अशा शाळा पंधरा हजारांच्या आसपास आणि त्यांत पावणेदोन लाखांहून जास्त मुलं. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं त्यात दिली होती. खेळाचं मैदान, प्रयोगशाळा, संगीत, विषयाला वेगळा शिक्षक, हे सगळं मोठ्या शाळेत मिळतं, हे खरं आहे. आठ मुलांच्या शाळेत मुलाला बरोबरीचं कोणी मिळत नाही, हेही खरं. ज्या अधिकाऱ्यांनी हे मांडलं त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही.

पण समूह शाळेच्या बसला रस्ता लागतो. या पाड्यावर जुलै-ऑगस्टमध्ये मोटारसायकलही येत नाही. निवासी शाळा म्हणावी, तर सहा वर्षांच्या मुलाला आईपासून तोडावं लागतं. आणि भट्टीवर न जाता मागे राहिलेली जी चार-पाच मुलं असतात, ती राहतात ती केवळ शाळा पाड्यावर आहे म्हणून, म्हाताऱ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. शाळा पाच किलोमीटरवर नेली तर तीही टेम्पोत बसतील. पट कमी म्हणून शाळा हलवायची आणि शाळा हलवली म्हणून पट संपायचा, या फेऱ्यात खर्च वाचेल, शिक्षण उरणार नाही. पाड्यांच्या टापूत वीस हा आकडा लावूच नये, असं माझं ठाम मत झालं आहे. इथे डोंगर, ओहोळ आणि भट्टीचा हंगाम पाहून, शाळागणिक निर्णय व्हायला हवा, आणि मोजणी एकदा नव्हे तर वर्षातून दोनदा व्हावी. दिवाळीनंतरच्या मोजणीचा उपयोग शिक्षक काढून घेण्यासाठी नको. गेलेली मुलं कुठे गेली हे लिहून त्या तालुक्याच्या शिक्षण विभागाला बांधील करण्यासाठी हवा.

चौथीनंतरची काळजी आणखी वेगळी. पाचवीला एक तर मोठ्या गावातली शाळा किंवा आश्रमशाळा. मुलगे कसेबसे जातात, मुलींच्या बाबतीत वाटेवरचा ओहोळ आणि घरातलं धाकटं भावंड हे दोन्ही आडवे येतात. ढीग तपासणारी ती मुलगी जूनमध्ये पाचवीत जाणार होती. तिला कुठे घालणार, असं मी आईला विचारलं. ‘आश्रमशाळेत जागा मिळाली तर,’ ती म्हणाली, आणि नाही मिळाली तर भट्टीवर स्वयंपाकाला.

गुरुजींनी तिचा अर्ज भरून ठेवला होता. जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि वडील शाळेत गेलेच नव्हते. आजोबांच्या नावाचा महसुली उतारा शोधायला ते पुढच्या शनिवारी शहापूरला जाणार होते.